चिकटा खाणारा जीव

उसाच्या रसाच्या चरातून खरवडून काढलेला तो चिकटा रंगूने पहिल्यांदा ओंजळीत घेतला, तेव्हा तिला आनंद झाला. आजूबाजूला सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि ही बाई त्या बुळबुळीत गोळ्याकडे बारशातल्या बाळाकडे बघावं तशी बघतेय, हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून तिने हसू दाबलं.

पंचाहत्तर सालचा जानेवारी. कराड आणि इस्लामपूरच्या मधे कृष्णेच्या अंगाला नागझरीचा सहकारी साखर कारखाना होता, आणि रंगुबाई धुळा मदने दिवाळीनंतर तिथे केमिस्ट म्हणून लागली होती. कारखान्यातली पहिलीच बाई केमिस्ट. जत तालुक्यातल्या धनगराची पोर. सांगलीला वसतिगृहात राहून कॉलेज केलं, पुण्याला जाऊन बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. प्रोफेसर म्हणत होते इथेच राहा, पुढे संशोधन कर. पण नागझरीची जाहिरात आली आणि तिने अर्ज टाकला. दरसाल दिवाळी झाली की तिच्या बापाची मेंढरं इथल्याच, वाळव्याच्या शिवारात बसायला येतात, ही गोष्ट काही त्या जाहिरातीत लिहिलेली नव्हती. पण रंगूने वाचली ती तीच.

नोकरी मात्र कंटाळवाणी निघाली. रसाचा नमुना आणायचा, त्यात साखर किती ते काढायचं, तासाभराने पुन्हा तेच. पुण्यात ती प्रथिनांच्या मागे लागलेली. एकेक एन्झाइम कसं काम करतं, कशाला धरतं, काय तोडतं, काय जोडतं, ह्या विचारात जेवायचंही भान राहायचं नाही. इथे नुसते भागाकार.

आणि मग ऊस मिलमधे पडतो त्या गव्हाणीपाशी मोठा खटका होऊन मिलचा रोलर दुखावला. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत गाळप बंद. तोडलेला ऊस गाड्यांत पडून राहिला, बैलं सोडून गाडीवाले गाड्यांखाली झोपले, रांग पार गावच्या वेशीला टेकली. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा त्या शिळ्या उसातून रस आला तो रस नव्हेच. चरांच्या कडांना पांढरट, लिबलिबीत थर धरले. गाळण्या तुंबल्या. पॅनमधे पाक तासन् तास रटरटायचा पण साखर बसायची नाही, आणि बसली तरी दाणे चौकोनी यायच्याऐवजी सुयांसारखे लांबट.

"मदनेबाई, टाका ते खाली आणि हात धुवा," चीफ केमिस्ट सयाजीराव मोहिते म्हणाले. सयाजीराव म्हणजे पालथ्या घागरीएवढं पोट, फौजी मिशा आणि आवाज असा की मिल चालू असताना शेजारच्याला ऐकू यावा. साखरेत सारा जन्म गेलेला. "ह्याला आमच्यात बेडकाची अंडी म्हणतात. दर दोन-चार सालांनी येतंय हे संकट."

"साहेब, थोडं बाटलीत ठेवते."

"लोणचं घालताय?"

"ओळखीचं आहे," रंगू म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आवरलं नाही. "पुस्तकात फार वाचलंय ह्याच्याविषयी. भेट आजच झाली."

चहाच्या वेळी तिने सयाजीरावांना सगळं सांगितलं. ऊस तोडला की कापल्या जागेतून एक जीवाणू आत शिरतो. त्याचं नाव ल्युकोनोस्टॉक. साखरेच्या एका कणात दोन तुकडे एकमेकांना धरून असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हा जीवाणू आपल्या अंगातून एक एन्झाइम बाहेर रसात सोडतो. ते साखरेचा कण धरतं, मोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोज मात्र एकापुढे एक, एकापुढे एक ओवत सुटतं. हजारो मण्यांची माळ. ती माळ म्हणजे हा चिकटा. त्याला डेक्स्ट्रान म्हणतात.

सयाजीरावांनी बशीतला चहा फुंकायचा थांबवला. "म्हणजे आम्ही इथं साखर करायला बसलोय आणि हा गडी आमच्याच साखरेच्या माळा ओवतोय?"

"व्हय साहेब. आणि ओवायला त्याला काडीचा त्रास नाही. एन्झाइम एकदा बाहेर सोडलं की जीवाणू मेला तरी ते आपलं ओवतच राहतं."

"मग आम्ही चरांत जंतू मारायला फॉर्मॅलिन मारतो, त्याचा उपयोग काय?"

"जीवाणू मरतो. झालेली माळ काय मरत नाही. ती तोडणारं कुणीतरी पाहिजे."

"आहे कुणी?"

"असणार," रंगू म्हणाली. "बघायला पाहिजे."

त्या रात्री तिला नीट झोप आली ती बऱ्याच महिन्यांनी. सकाळी उठून ती कारखान्याच्या मागे गेली. तिथे एक खड्डा होता. चरांतला, टाक्यांतला, गाळण्यांवरचा चिकटा खरवडून पाट्यांनी तिथेच आणून टाकायची रीत होती, कारखाना सुरू झाल्यापासून. रंगू खड्ड्याच्या काठावर पदर खोचून उभी राहिली आणि विचार करू लागली. एवढे हंगाम झाले. एवढ्या पाट्या पडल्या. खरं म्हणजे इथे खड्डा राहायलाच नको होता, टेकडी उभी राहायला हवी होती. मग गेलं कुठे सगळं? पावसाने काही वाहून गेलं असेल, पण सगळं? कुणीतरी ह्या मातीत बसून ते खातंय. आणि चिकटा खायचा तर आधी माळ तोडावी लागणार, म्हणजे तोडणारं एन्झाइम त्याच्यापाशी असलंच पाहिजे.

तिने कडेची, काळपट, ओलसर माती चिमूटभर उचलली.

आता त्या मातीतल्या लाखो जीवांतून नेमका तोच जीव वेगळा काढायचा होता, आणि साखर कारखान्याची प्रयोगशाळा काही त्यासाठी बांधलेली नव्हती. पण रंगू अडून बसणारी नव्हती. जिलेटिनीसारखं आळणारं काहीतरी हवं होतं. सांगलीच्या पेठेत फालुद्यात घालायचा चायना ग्रास मिळाला. काचेच्या बश्या तिथेच एका दुकानात मिळाल्या. चिकटाच स्पिरिटने धुऊन, वाळवून, त्याची पांढरी पूड केली, आणि चायना ग्रासमधे जिवांना खायला फक्त तेवढंच घातलं. जो हे खाऊ शकेल तो वाढेल, बाकीचे उपाशी. राहिलं सगळं वाफेवर निर्जंतुक करायचं. त्याला प्रेशर कुकर पाहिजे, आणि अख्ख्या वसाहतीत कुकर होता एकाच ठिकाणी. सयाजीरावांच्या घरी.

साळूबाई, सयाजीरावांची बायको, चुलीपुढून उठून आली. "कुकर? कशाला गं?"

"जंतू वाढवायचेत, वैनी."

"जंतू मारायला कुकर लागतो म्हंतेस, का वाढवायला?"

"नको असलेले मारायला. हवे असलेले वाढवायला."

साळूबाईंनी कुकर दिला. आठवड्याने रंगू तो घासूनपुसून परत घेऊन गेली तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "ऱ्हाऊ दे बाई तुझ्याकडंच. त्यात आता डाळ शिजवून मी ह्यांच्या पानात कशी वाढू? हे तर खातील, पण मला घास उतरायचा न्हाई." अशा रीतीने नागझरीच्या प्रयोगशाळेला निर्जंतुकीकरणाचं यंत्र मिळालं.

पहिल्या खेपेला बश्यांवर नुसती बुरशी माजली. दुसऱ्या खेपेला काहीच उगवलं नाही. तिसऱ्या खेपेला पुष्कळ ठिपके उगवले, पिवळे, पांढरे, एक तर गुलाबी. पण वाढला म्हणजे तोडतोच असं नाही. काही जीव नुसते शेजाऱ्याच्या उष्ट्यावर जगतात. खरा कोण ते ओळखायची युक्ती रंगूने योजून ठेवली होती. स्पिरिट ओतलं की डेक्स्ट्रान दुधासारखं पांढरं होतं. जिथे ते तोडलं गेलंय, तिथे होणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने बश्या खिडकीपाशी मांडल्या आणि एकेकीवर स्पिरिट ओतलं. पहिली बशी सगळी पांढरी. दुसरी पांढरी. तिसरीही. चौथीवर ओतलं, बशी हळूहळू दुधाळ होत गेली, आणि एका फिकट पिवळ्या ठिपक्याभोवती मात्र काच तशीच लख्ख राहिली. चंद्राला खळं पडावं तसं, वाटोळं, स्वच्छ कडं. त्यातून खालच्या टेबलाच्या रेघा दिसत होत्या.

रंगू एवढ्या मोठ्याने ओरडली की सयाजीरावांना वाटलं बाईला ॲसिड लागलं. ते पळत आले तर ही बशी दोन्ही हातांनी धरून उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"काय झालं?"

"बघा की साहेब!"

सयाजीरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "भोक पडलंय."

"भोक नव्हे. खाल्लंय! त्याच्या अंगातून एन्झाइम झिरपलं आणि जिथवर पोचलं तिथवर माळा तुटल्या. आपल्या खड्ड्यातलं आहे हे, साहेब. आपलंच."

सयाजीरावांनी बशी हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून बघितली. मग म्हणाले, "बेट्याला नाव काय द्यायचं?" आणि रंगूच्या ध्यानात आलं की आता साहेबही आपल्या बाजूला आलेत.

पण जीव सापडणं एक आणि त्याचं एन्झाइम हाताशी येणं वेगळं. तिने दुधाच्या कॅनमधे तो वाढवला. कारखान्याच्या हवेच्या नळीला कापसाचा बोळा लावून त्यात बुडबुडे सोडले, कारण ह्या जिवाला हवा लागायची. कॅनभर गढूळ पाण्यात एन्झाइम असणार चिमूटभर. ते गोळा करायचं तर पाण्यात मीठ विरघळवत जायचं, इतकं, की प्रथिनांना पाण्यात जागाच उरू नये आणि ती साका होऊन तळाला बसावीत. आणि ह्या कामाचं उत्तम मीठ म्हणजे अमोनियम सल्फेट. पुण्यात ते काचेच्या बाटलीतून यायचं. इथे सोसायटीच्या गोदामात त्याची पोती रचलेली होती, उसाला घालायला. रंगूने एक पोतं मागवलं, पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा वाळवून स्वच्छ केलं. गारव्यासाठी इस्लामपुरातून भुशात गुंडाळलेला बर्फ येऊ लागला. ढवळत ढवळत खत पडत गेलं, आणि बघता बघता पाणी धुरकट झालं, तळाला तपकिरी साका बसला. वरचं पाणी नळीने ओढून टाकलं. उरला तो लोटाभर घट्ट गाळ. त्यात तिचं एन्झाइम होतं.

"छान," सयाजीराव म्हणाले. "पण ह्यात खत आहे. साखरेत खत जाऊ द्यायचं नाही मी. लोक चहात घालतात ती."

बरोबरच होतं ते. खत काढायला हवं होतं आणि एन्झाइम ठेवायला हवं होतं. पुण्यात त्याला खास नळ्या यायच्या, परदेशातून. रंगूने दोन दिवस डोकं खाजवलं. मग रविवारी ती उठली आणि मेंढरांच्या वाड्यावर गेली.

धुळा मदने माळाच्या कडेला बसून चातीवर लोकर कातत होता. हात आपोआप चाललेला, नजर मेंढरांवर. पोरगी येताना दिसली तसा तो उठला नाही, पण चाती थांबली.

"आज मधीच कशी? जेवलीस का?"

"जेवून आले. आबा, मला आतडं पायजे."

"कशाचं?"

"मेंढराचं. अख्खं, न फाटल्यालं, धुतल्यालं."

धुळा बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "अगं बये! पुण्याला घातली तवा म्हनलं पोर सुटली मेंढरांतनं. एवढं शिकून आतड्यापातुर आलीस व्हय?"

रंगूही हसायला लागली. तिची आई बयाबाई पालातून भाकरीचे हात घेऊनच बाहेर आली आणि दोघं का हसताहेत ते कळायच्या आधी तीही हसू लागली. मग रंगूने बापाशेजारी मातीत बसून समजावलं. माझं औषध हाय, त्यात खत मिसळलंय. आतड्यात भरून, दोन्ही टोकं बांधून, गार पाण्यात सोडायचं. खताचे कण लय बारीक, ते आतड्यातनं भायेर झिरपत्यात. औषधाचा कण थोराड, तो आतच ऱ्हातोय. पाणी बदलत ऱ्हायाचं.

"आसं व्हय," धुळा म्हणाला. त्याने मान वळवून मेंढरांभोवती ताणलेल्या जाळीच्या वाघुरीकडे पाहिलं. "म्हंजे वाघूरच की. कोकरू निसटतंय, मेंढरू न्हाई."

"तसंच, आबा."

पुढच्याच आठवड्यात बिरोबाची जत्रा होती आणि बोकडं-मेंढरं कापली जायचीच. बयाबाईने आतडी राखेने, मिठाने, पुन्हा राखेने घासून इतकी स्वच्छ केली की उजेडाला धरली तर पारदर्शक दिसावीत. धुळाने ती ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतः प्रयोगशाळेत आणून दिली, आणि दारातूनच परत फिरला. पायाला चिखल होता म्हणाला.

रांजणातल्या बर्फाच्या पाण्यात आतड्याच्या त्या लांब पिशव्या तरंगत राहिल्या. पाणी बदललं, पुन्हा बदललं. शेवटी आतलं औषध मडक्यात काढून घेतलं तेव्हा त्यात खताचा मागमूस उरला नव्हता. चिकटा घातलेल्या परीक्षानळीत त्याचे चार थेंब टाकले की थोड्या वेळात स्पिरिट ओतूनही पांढरेपणा यायचा नाही. मडकं बर्फात ठेवलं. आता त्याचं करायचं काय, हे मात्र रंगूलाही नीट माहीत नव्हतं. जानेवारीतलं संकट सरलं होतं. ताजा ऊस येत होता, रस झकास होता, चिकट्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मार्चमधे पलीकडच्या गावात उसाला आग लागली. एका फडात ठिणगी पडली आणि वाऱ्याने ती बांधावरून बांधावर नेली. माणसं, जनावरं वेळेत बाहेर निघाली, तेवढं देवाने राखलं. पण शिवारच्या शिवार काळं झालं. जळका ऊस ताबडतोब गाळावा लागतो, आणि एवढा एकदम गाळायचा म्हणजे गाड्यांची रांग पुन्हा वेशीला टेकली. गाडीवाल्यांची, बैलांची, सगळ्यांची तोंडं काजळीने काळी. दुसऱ्या दिवशीच चरांच्या कडांना पांढरट थर दिसू लागला.

सयाजीराव स्वतः प्रयोगशाळेत आले. "मदनेबाई. मडकं कुठाय?"

"साहेब, सगळ्या कारखान्याला नाही पुरायचं ते. एका टाकीला फार तर."

"एका टाकीला तर एका टाकीला. बघू तरी."

कडेची एक जुनी टाकी जळक्या उसाच्या कच्च्या रसाने भरली. पॅनमन आप्पासो बातमी ऐकून वर आला. आप्पासो हा वयस्क, सडपातळ, कमरेला पंचा बांधलेला माणूस. बोटांत पाक चोळून त्याची तार बघायची त्याला अशी सवय की देवळात तीर्थ घेतलं तरी आधी बोटांत चोळायचा. तो रंगूच्या मडक्यात डोकावला आणि नाक वर करून म्हणाला, "बाई, आतड्यातनं काढल्यालं म्हंत्यात हे. माझ्या पॅनात जाणार?"

"पॅनात जाईस्तवर ते मेलेलं असणार, आप्पासो. उकळीत टिकत नाही ते."

"मेल्यालं तर मग काम काय करंल?"

"मरायच्या आधी करंल."

आप्पासोला हे पटलं. निदान ऐकायला बरं वाटलं.

रस कोमट हवा होता. हाताला ऊन लागेल पण पोळणार नाही एवढा. रंगूने निम्मं मडकं ओतलं, काठीने ढवळलं, आणि ती खाली नमुन्याच्या नळ्या आणायला गेली. परत आली तेव्हा टाकीतून वाफा निघत होत्या.

"साहेब! हे काय?"

सयाजीराव वाफ सोडायच्या चाकाशी उभे होते. चेहरा उत्साहाने लाल. "म्हटलं जरा जोरात होऊ दे! गरम केलं की सगळंच लौकर होतं की."

रंगूने रसात बोट बुडवलं आणि झटकन काढलं. महिन्याभराची मेहनत, बर्फ, खत, आतडी, सगळं त्या वाफेत गेलं होतं. तिला रडू यायला झालं होतं, पण समोर सयाजीराव असे उभे होते, मिशा खाली, हात अजून चाकावर, की तिला भलतंच काहीतरी व्हायला लागलं आणि रडण्याच्या जागी हसूच फुटलं.

"साहेब, अंडं उकडलं तर पुन्हा पातळ होतं का?"

"नाही होत."

"मग. हेही प्रथिनच आहे. घडी घालून ठेवलेला कागद असतो तसं असतं ते. त्या घडीतच त्याचं कसब. उकडलं की घडी सुटते आणि नुसता कागद राहतो."

सयाजीराव मान खाली घालून म्हणाले, "म्हणजे तुमचं औषध मी उकडलं."

"निम्मं. निम्मं आहे अजून."

टाकी रिकामी केली. पुन्हा रस भरला. ह्या खेपेला वाफेच्या चाकाला आप्पासो चिकटून बसला आणि सयाजीरावांना त्याने चार हात लांब उभं केलं. चीफ केमिस्टला असं कुणी उभं केल्याचं कारखान्यात कुणी बघितलं नव्हतं. रंगूने उरलेलं मडकं निपटून ओतलं. ओतायच्या आधीचा नमुना तिने नळीत घेऊन त्यात स्पिरिट टाकलं. नळी कालवलेल्या चुन्यागत पांढरीफेक.

मग थांबणं आलं. ढवळणं आलं. एकदा नमुना घेतला: पांढरा, पण मघापेक्षा जरा फिका, की डोळ्यांना तसं वाटतंय? पुन्हा थांबणं. आसपास माणसं जमायला लागली. मिलवरचे दोघे, वजनकाट्यावरचा एक, काजळी पुसत आलेले गाडीवाले. पुन्हा नमुना. ह्या वेळी नळीच्या मागे धरलेलं बोट अंधुक दिसलं. सयाजीरावांनी घसा खाकरला. आणि मग तो नमुना, ज्यात स्पिरिट पडलं, हललं, मिसळलं, आणि काहीच झालं नाही. नळी पिवळसर, नितळ. पलीकडच्या गाडीवाल्याचं काळं तोंड आणि त्यातले पांढरे दात तिच्यातून स्वच्छ दिसले.

"तुटल्या," रंगू हळूच म्हणाली. "सगळ्या माळा तुटल्या."

रस पुढे गेला, निवळला, आटला, आणि संध्याकाळच्या आत सगळ्यात लहान पॅनमधे चढला. आता राज्य आप्पासोचं. पॅनच्या डोळ्यासारख्या काचेला डोळा लावून तो उभा राहिला, मधेच सळी ओढून नमुना काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उन्हाला धरायचा, बोटांत चोळायचा. कालपासून त्याच्या बोटांना नुसती लांब, न तुटणारी तार लागत होती. आता त्याने चोळलं, बोटं अलग केली, आणि पुन्हा चोळलं. पट्टी त्याने रंगूकडे दिली. सुया नव्हत्या. कोनाकोनाने चमकणारे, टपोरे, चौकोनी दाणे होते.

"बसली," आप्पासो म्हणाला. "अशी लौकर तर ताज्या उसाची बी बसत न्हाई."

सयाजीरावांनी पट्टीवरची साखर चिमटीत घेतली आणि तोंडात टाकली. मग सगळ्यांनी टाकली. एक गाडीवाला म्हणाला, गोड हाय. त्यावर सगळे असे हसले जणू त्याने फार मोठा विनोद केला होता.

त्या हंगामात जळका ऊस बाकी सगळा आपल्या गतीनेच गाळला गेला, चिकट्याशी झगडत, शिव्या देत. एका मडक्याने कारखाना चालत नाही. पण संचालकांनी ती पट्टीवरची साखर बघितली होती. जुनं वजनकाट्याचं दगडी घर झाडून, चुना लावून रंगूला दिलं गेलं. बर्फाऐवजी गार कपाट आलं. दारावर रंगाऱ्याने मोठ्या मेहनतीने 'जिवरसायन विभाग' असं रंगवलं. 'जि' ऱ्हस्व पडला होता, पण तो दुरुस्त करायला रंगूने कुणाला सांगितलं नाही. पुण्याचे प्रोफेसर मुद्दाम एस.टी.ने येऊन तो पिवळा ठिपका आपल्या डोळ्यांनी बघून गेले. साळूबाईंनी त्यांना मटणाचं जेवण घातलं आणि कशात शिजवलं ते आधीच सांगून टाकलं, म्हणजे मनात शंका नको.

वैशाख लागायच्या बेताला मेंढरं परत जतच्या वाटेला लागणार होती. निघायच्या आदल्या सकाळी रंगूने बापाला धरून आणलं. धुळाने दाराबाहेर पायताण काढलं, पाय धुतले, फेटा सारखा केला, आणि आत येऊन हात पाठीशी बांधून उभा राहिला, काही फुटू नये म्हणून.

"ह्यात बघा, आबा. ह्यो डोळा मिटा, त्यो उघडा."

धुळा सूक्ष्मदर्शकावर वाकला. बराच वेळ त्याला आपल्याच पापणीचे केस दिसत होते. रंगूने चाक थोडं फिरवलं.

"आरं तिच्या!" धुळा म्हणाला. "हालत्यात की!"

"जित्ती हायत, आबा."

"केवढी! ह्यो एक पळाला... ती दोन कडंला बसल्यात. चरत्यात व्हय ही?"

"चरत्यात की."

"खातंय तोंडानं का कसं? तोंड कुठाय?"

"तोंड न्हाई त्यांस्नी. अंगातनं रस सोडत्यात, भायेरच शिजवून घेत्यात, मग आत ओढत्यात."

"शानी हायत," धुळा म्हणाला. डोळा त्याने काढला नाही. मागे सयाजीराव येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे आप्पासो. आपली पाळी येईल म्हणून दोघं अदबीने थांबले. धुळाला त्याची काही खबर नव्हती. त्याने एका हाताने फेटा मागे सारला, दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली आणि एका पळणाऱ्या जिवाच्या मागे नजर लावून तोंडाने हळूच "हर्र... हर्र..." केलं.

"रंगे," तो म्हणाला, "ह्यो बारका लय खोडकर हाय बघ. सारखा कडंला जातोय."